इंजिनाचें आसन: घट्ट असावें कीं सैल?

या सदराकडे येणाऱ्या पत्रांत अलीकडे घरच्या मोटारीविषयींचे प्रश्न बरेच असतात. पूर्वीं दारीं सायकल आली तरी घरांतील वडील मंडळी ती निगुतीनें पुसून, तेल घालून ठेवीत. आतां मोटार आली, पण तिची निगा सर्वस्वीं परक्यावर सोंपविण्याची चाल पडली आहे. म्हणून घरांतील कोणी तरुण स्वतः पाना हातीं घेऊन गाडीखालीं शिरूं पाहतो, तेव्हां आम्हांस कौतुकच वाटतें. मात्र जी वस्तु आपण बदलणार तिचें प्रयोजन काय, एवढा विचार पाना उचलण्यापूर्वीं झाला पाहिजे. भोर येथील एका वाचकांच्या प्रश्नावरून आज तोच विचार करावयाचा आहे.

या गृहस्थांच्या एकत्र कुटुंबांत नऊ वर्षांची एक लहान मोटार आहे. ती कधीं नसरापुरावरून वेल्ह्यास, म्हणजे आतांच्या राजगड तालुक्यांत जाते, कधीं पाबे घाट चढते, तर कधीं वरंध घाट उतरून महाडास जाते. हल्लीं गिअर घालतांना गाडीच्या पुढील भागांत ‘धप्प’ असा आवाज होतो आणि चढावर क्लच सोडतांना हिसका बसतो. त्यांच्या पुतण्याच्या वाचनांत असें आलें कीं, इंजिन ज्या रबरी माउंटिंगवर बसविलेलें असतें त्याच्या पोकळींत पॉलियुरेथेन नांवाचा घट्ट होणारा रस भरला असतां इंजिन हलेनासें होतें, आणि हें काम थोडक्या खर्चांत घरच्या घरीं करतां येतें. तें करावें कीं न करावें, असा काकापुतण्यांत वाद पडला आहे. त्याच गाडींतून घरांतील वृद्ध आजी, ज्यांस कंबरेचें दुखणें आहे, दर पंधरा दिवसांनीं पुण्यास दवाखान्यांत जातात, असेंही पत्रांत लिहिलें आहे. आमच्या मतें या प्रश्नाचें अर्धें उत्तर या शेवटच्या वाक्यांतच आहे.

प्रथम माउंटिंग म्हणजे काय तें पाहूं. पाण्यानें भरलेली घागर डोक्यावर घेणारी बाई मध्यें चुंबळ ठेवते. चुंबळ घागरीचें वजन तोलते, तिला कलंडूं देत नाहीं, आणि प्रत्येक पावलाचा धक्का डोक्यास व घागरीस परस्पर लागूं देत नाहीं. इंजिनाच्या माउंटिंगचीं कामें हींच तीन. लोखंडाच्या दोन भागांमध्यें रबर चिकटवून केलेली ही गादी इंजिनाचें वजन धरते, इंजिन पिळावयास लागलें कीं त्यास आवरते, आणि त्याचा कंप गाडीच्या सांगाड्यांत शिरूं देत नाहीं. पहिल्या दोन कामांस ताठपणा हवा, तिसऱ्यास मऊपणा हवा. चुंबळीऐवजीं लांकडाची चकती ठेवली तर घागर हलणार नाहीं हें खरें. पण डोकें दुखूं लागेल. माउंटिंगचें सर्व शास्त्र या एका विरोधाच्या पोटीं आहे.

मोटारीच्या आरंभकाळीं पुष्कळशा गाड्यांचें इंजिन सांगाड्यास थेट आवळीत असत. चार सिलिंडरांचें इंजिन चालूं लागलें कीं सारी गाडी थरथरे, आणि ज्यांस सुखाचा प्रवास हवा ते श्रीमंत लोक सहा वा आठ सिलिंडरांची भारी गाडी घेत. अमेरिकेंतील क्रायस्लर कंपनीनें १९३१ सालीं आपल्या स्वस्त प्लिमथ गाडींत एक नवी योजना आणली व तिला ‘फ्लोटिंग पॉवर’, म्हणजे तरंगती शक्ति, असें नांव दिलें. इंजिनाच्या गुरुत्वमध्यांतून जाणारी एक तिरकस रेषा कल्पून तिच्या पुढील वरच्या टोंकास एक व मागील खालच्या टोंकास एक अशा रबरी गाद्या बसविल्या. त्यामुळें इंजिन त्या रेषेभोंवतीं झोपाळ्यासारखें मोकळें झुलूं लागलें आणि चार सिलिंडरांची गाडी मोठ्या गाडीसारखी शांत चालूं लागली. पुढील वर्षीं फ्रान्समधील सित्रोएन कंपनीनें ही युक्ति परवान्यानें उचलली. सोलापूरचे शेठ वालचंद हिराचंद यांनीं १९४४ सालीं स्थापिलेल्या प्रीमियर ऑटोमोबाइल्स कंपनीनें मुंबईस कुर्ला येथें १९४७ पासून ज्या गाड्या जुळविण्यास आरंभ केला, त्यांतही याच क्रायस्लर घराण्याच्या डॉज व प्लिमथ होत्या. सांगावयाचें तें हें कीं, इंजिन हलूं देणें हा कारखानदाराचा हलगर्जीपणा नव्हे. तें बुद्धिपूर्वक योजिलेलें आहे.

आतां आपल्या लहान गाड्यांकडे येऊं. जुन्या प्रीमियर पद्मिनी गाडीचें इंजिन लांबींत उभें असे व शक्ति मागील चाकांस जाई. १९८३ सालच्या डिसेंबरांत मारुती ८०० आली. तिचें तीन सिलिंडरांचें इंजिन आडवें बसविलेलें व शक्ति पुढील चाकांस. तेव्हांपासून आपल्याकडील बहुतेक लहान गाड्या याच वळणाच्या आहेत. हा फरक माउंटिंगच्या दृष्टीनें मोठा आहे. समजा, इंजिनाचा पीळ ९० न्यूटन-मीटर आहे, पहिल्या गिअरमध्यें तो साडेतीनपट होतो व शेवटच्या दंतचक्रांत आणखी चौपट. मागील चाकांच्या गाडींत ही शेवटची चौपट मागच्या आंसाकडे होते, म्हणून इंजिनाच्या गाद्यांवर ९० गुणिले साडेतीन, म्हणजे ३१५ एवढाच उलटा पीळ येतो. पुढील चाकांच्या गाडींत इंजिन, गिअर व शेवटचें दंतचक्र हें सारें एकाच पेटींत असल्यामुळें तोच पीळ १,२६० होतो. पाबे घाटाच्या चढावर पहिल्या गिअरमध्यें गाडी रेटतांना, किंवा चिखलांतून मागें घेतांना, हा सगळा भार दोनतीन रबरांवर व खालच्या बाजूस असलेल्या एका आडव्या दांडीवर पडतो. डोंगरी तालुक्यांत माउंटिंग लवकर थकतें याचें एक मोठें कारण हेंच.

मग अशा ठिकाणीं रबर अधिक ताठ केलें तर बिघडलें कोठें, असा प्रश्न उभा राहतो. त्याचें उत्तर तंबोऱ्यापाशीं मिळतें. तार ताणली कीं स्वर चढतो हें घरांतील मुलांसही ठाऊक असतें. पण स्वर बरोबर दुप्पट, म्हणजे एक सप्तक वर न्यावयाचा तर ताण चौपट करावा लागतो. रबराच्या गादीवर बसविलेलें इंजिन हीही एक प्रकारची तारच आहे. त्यास धक्का देऊन सोडलें तर तें आपल्या ठराविक वेगानें डुलतें. समजा, हा स्वाभाविक वेग सेकंदास १० वेळां आहे. रबराचा ताठपणा चौपट केला तर तो २० होतो, आणि दुप्पट केला तर सुमारें १४.

दुसरी गोष्ट झोपाळ्याची. झोपाळ्याच्या स्वतःच्या झोक्याशीं ताल धरून हलकेच ढकललें तरी तो उंच जातो. आणि त्याच्या तालाहून पुष्कळ जलद ढकलीत राहिलें तर तो जवळजवळ जागच्या जागींच राहतो. इंजिनाचे धक्के गाडींत शिरूं द्यावयाचे नसतील तर ते इंजिनाच्या स्वाभाविक डुलण्याहून पुष्कळ जलद असले पाहिजेत. किती जलद, याचें गणित ठरलेलें आहे: निदान १.४१४ पट. ही संख्या आमच्या संस्कृतज्ञ वाचकांच्या ओळखीची असेल. समचतुरस्राच्या बाजूशीं कर्णाचें जें प्रमाण, ज्यास शुल्बसूत्रकार द्विकरणी म्हणतात, तीच ही. धक्क्यांचा वेग याहून अधिक असेल तर रबर कंप अडवितें. याहून कमी असेल तर तें कंप अडविण्याऐवजीं वाढवितें.

आतां दोन्ही गोष्टी जुळवून पाहूं. चार सिलिंडरांचें इंजिन उभ्या गाडींत मिनिटास ८०० फेरे घेतें व दर फेऱ्यास त्यांत दोन स्फोट होतात. म्हणजे सेकंदास सुमारें २७ धक्के. स्वाभाविक वेग १० असेल तर या धक्क्यांचा सुमारें सहावा हिस्साच सांगाड्यांत उतरतो. ताठपणा चौपट करून वेग २० केला कीं तोच हिस्सा सव्वापटीच्या वर जातो. म्हणजे पूर्वींच्या जवळजवळ आठपट! तीन सिलिंडरांच्या गाडीची गोष्ट याहून नाजूक. तिच्यांत तेवढ्याच फेऱ्यांस सेकंदाला २०च धक्के बसतात. कारखान्याच्या मूळ रबरावर त्यांचा एक तृतीयांश गाडींत येतो. रबर दुप्पट ताठ केलें तर आपण नेमके द्विकरणीवर येऊन ठेपतों व सर्वच्या सर्व धक्का आंत येतो. चौपट केलें तर इंजिनाचा ताल व गादीचा ताल एक होऊन झोपाळ्यास ढकलण्याची गत होते. रबर स्वतः थोडा कंप गिळतें, म्हणून प्रत्यक्षांत आंकडे कांहींसे सौम्य होतात. पण दिशा हीच राहते. असें असेल तर रबर आणखी मऊच कां करूं नये? कारण बसलेल्या मनुष्याच्या शरीरास सेकंदास ४ ते ८ या वेगाचें वरखालीं हालणें सर्वांत अधिक जाचतें. इंजिनाचें डुलणें तेथवर उतरूं देऊन चालत नाहीं. अर्थात् खालून शरीराची मर्यादा, वरून स्फोटांची मर्यादा, आणि मध्यें एक अरुंद पट्टी. कारखानदार आपलें रबर त्या पट्टींत बसवितो. घरीं डब्यांतला रस ओतून तें त्या पट्टींतून बाहेर ढकलणें फार सोपें आहे. आंत आणणें मात्र सोपें नाहीं.

त्या रबरांत ज्या पोकळ्या दिसतात त्यांविषयींही गैरसमज आहे. त्या रबर वांचविण्यासाठीं ठेवलेल्या नसतात. गाडी उभी असतां मधला गाभा पोकळींत मोकळा राहतो व रबर मऊ लागतें. जोराचा पीळ आला कीं गाभा पोकळी ओलांडून पलीकडील भिंतीस टेकतो व रबर एकदम ताठ होतें. थोड्या कामास मऊ व मोठ्या कामास कठीण, अशी ही सोय आहे. पोकळी भरून टाकली कीं ती सोयच नाहींशी होते. शिवाय एकच माउंटिंग ताठ केलें तर त्याच्या वांट्यास इतरांचाही भार येतो, आणि जो धक्का पूर्वीं रबर सोशीत असे तो त्याच्या ॲल्युमिनियमच्या पकडीस व तिच्या बोल्टांस सोसावा लागतो. रबर चिरलें तर आवाज करून आधीं सूचना देतें. धातूची पकड तडकते ती बहुधा सूचना न देतां. वरंध घाटाच्या उतारावर तसें व्हावें अशी इच्छा कोण करील?

ज्या रसाची एवढी चर्चा आहे त्याचेही दोन प्रकार आहेत. पुढील कांच चिकटविण्याचा एकजिनसी पॉलियुरेथेन हवेंतील ओलाव्यानें घट्ट होतो. ओलावा बाहेरून आंत शिरत जातो, म्हणून जाड थर दिला तर वरून साय धरते व आंत कित्येक दिवस रस चिकटच राहतो. दुसरा प्रकार दोन डबे मिसळून करावयाचा. त्यास ओलाव्याचें वांकडें आहे. मिसळतांना दमट हवा लागली तर त्यांतून कर्बद्विप्राणिल वायूचे बुडबुडे निघतात व घट्ट झालेला गोळा जाळीदार होतो. वेल्ह्याच्या पावसाळ्यांत हवा किती दमट असते हें तेथें राहणाऱ्यांस सांगावयास नको. या दोन्ही रसांत आयसोसायनेट जातीचीं द्रव्यें असतात. त्यांची वाफ छातींत गेल्यास दमा उठूं शकतो. ज्या घरांत दमेकरी मनुष्य किंवा लहान मूल आहे त्या घराच्या पडवींत हा उद्योग मुळींच करूं नये. चिरलेल्या माउंटिंगखालीं जुन्या टायरचा तुकडा दडपण्याची दुसरी एक युक्ति प्रचारांत आहे. तीहून तर हा रस बरा म्हणावा लागेल. कारण टायरचा तुकडा केव्हां निसटेल याचा नेम नसतो.

तर मग त्या ‘धप्प’ आवाजाचें काय करावें? नऊ वर्षें घाट चढलेल्या गाडीचें रबर थकलेलें असणें अगदीं संभवनीय आहे, व थकलेल्या रबरास उपाय म्हणजे नवें रबर. रबर लवचीक राहतें तें गंधकाच्या संस्कारानें, जो चार्लस् गुडइयर यास १८३९ सालीं साधला. परंतु उष्णता, हवेंतील ओझोन व तेल यांपुढें तो संस्कार जन्मभर टिकत नाहीं. विशेषतः इंजिनांतून तेल झिरपत असेल तर तें आधीं बंद करावें. नाहीं तर नवें रबरही फुगून सुटेल.

पण निदान झाल्यावांचून औषध देऊं नये. सपाट जागीं गाडी उभी करून हँडब्रेक ओढावा व चाकांस पुढून मागून दगड लावावे. बॉनेट उघडून एकानें बाजूस उभें राहावें. गाडीच्या पुढें वा मागें कोणीही उभें राहूं नये, मुलांस तर अंगणांतच येऊं देऊं नये. दुसऱ्यानें ब्रेक घट्ट दाबून धरावा, पहिला गिअर घालून क्लच अगदीं किंचित् सोडावा व लगेच दाबावा. मग मागचा गिअर घालून तसेंच करावें. इंजिन दोन्ही बाजूंस थोडें सारखें कलत असेल तर तें निरोगी समजावें. एकाच बाजूस उसळून ठोका देत असेल, किंवा रबर धातूपासून सुटलेलें दिसत असेल, तर तें माउंटिंग गेलें. कांहीं गाड्यांत तेलभरलेलें माउंटिंग असतें. त्यावर काळा ओघळ दिसला तर तेंही निकामी झालें. याच वेळीं इतर संशयितही पाहून घ्यावे. एखादा सिलिंडर नीट पेटत नसला, सायलेन्सरची नळी तळास टेकत असली, किंवा पुढील चाकाच्या आर्मचे बुश झिजले असले, तरी अशीच थरथर व असाच आवाज होतो. आणि तेथें माउंटिंगवर केलेला खर्च वायां जातो.

बदलण्याचें काम ओळखीच्या मिस्त्रीकडून करविणें उत्तम. पुतण्यानें स्वतः करावयाचें असेल तर कसलेला मनुष्य शेजारीं हवा. गाडी लोखंडी घोड्यांवर पक्की उभी करावी. नुसत्या जॅकच्या भरंवशावर गाडीखालीं शिरणें म्हणजे प्राणाशीं खेळ आहे. इंजिनास ऑइल चेंबरखालून दुसऱ्या जॅकचा आधार द्यावा व मध्यें रुंद लांकडी फळी घालावी, नाहीं तर चेंबर दबतो. एका वेळीं एकच माउंटिंग काढावें. नवें बसवितांना बोल्ट आधीं सैल ठेवावे, जॅक हळूच उतरवून इंजिनाचें वजन रबरावर येऊं द्यावें, तें शांत बसलें म्हणजे टॉर्क पान्यानें पुस्तिकेंत दिलेल्या मापास आवळावे. वजन येण्यापूर्वींच आवळले तर नवें रबर पहिल्या दिवसापासून पिळलेलें राहतें, आणि पुढें लोक म्हणतात कीं हल्लींच्या मालांत दम नाहीं. माल घेतांना त्याच गाडीच्या मापाचा, चांगल्या नांवाचा घ्यावा. नकली मालाचें रबर पुष्कळदां मुळांतच ताठ असतें, म्हणजे जें टाळावयाचें तेंच पैसे देऊन घरांत येतें.

पुतण्याच्या बाजूनेंही एक शब्द बोलणें न्यायाचें आहे. ताठ माउंटिंग ही निव्वळ वेडाची कल्पना नव्हे. शर्यतीच्या गाड्यांत तीं मुद्दाम बसवितात. कारण तेथें गिअर चपळ पडणें महत्त्वाचें, व चालकाचे दांत वाजले तरी त्याची तक्रार नसते. घरच्या गाडींतही ही हौस थोडी भागवितां येते. इंजिनाचें वजन धरणाऱ्या वरच्या गाद्यांस हात न लावतां, पीळ आवरणाऱ्या खालच्या दांडीचा बुश तेवढा किंचित् ताठ घ्यावा. सर्व माउंटिंग नवीं केल्यावरही हिसका राहिला तरच हें करावें, आणि बोल्ट जपून ठेवून जुना बुश परत बसवितां येईल असें करावें. नंतर गाडी उभी ठेवून इंजिन चालू करावें व आजींस मागील आसनावर बसवून विचारावें. त्यांनीं कंबरेस हात लावला तर निकाल झाला. ती गाडी कोणासाठीं आहे हें ठरविण्याचा पहिला अधिकार त्यांचा आहे.

घरांत जो सोशीक असतो त्याच्या नरमपणास पुष्कळदां दुर्बळपणा समजतात, आणि तो थकला म्हणजे मगच सर्वांस कळतें कीं इतके दिवस कोणाचे धक्के कोण गिळीत होतें. इंजिनाखालच्या रबराची योग्यता तीच आहे. तें थकलें असेल तर त्यास विश्रांति द्यावी व त्याच्या जागीं त्याच गुणाचें दुसरें आणावें. त्याचा मऊपणा मात्र दोष समजून काढून टाकूं नये. पावसाळ्यापूर्वीं घाटावर गाडी नेणाऱ्या प्रत्येक कुटुंबानें वर सांगितलेली परीक्षा एकदां करून पाहावी. तिला अर्धा तास लागतो व पैसा एकही लागत नाहीं. पुढील महिन्यांत याच गाडीच्या ब्रेकांविषयीं, व उतारावर ते तापूं नयेत म्हणून काय करावें याविषयीं, लिहिण्याचा विचार आहे.